पोट वारंवार बिघडतंय? चूर्णाची डबी उघडण्याआधी एवढं तपासा

कोल्हापुरात आमच्या मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहिलं की सकाळच्या पहिल्या तासात एक मागणी हमखास येते: "पोट साफ हुईना, काहीतरी द्या." मागणारे काका असतात, मावशी असतात, तालमीतून थेट आलेली पोरं असतात. डबी हातात देण्याआधी मी विचारतो, "नक्की काय होतंय?" आणि उत्तरं एकदम वेगवेगळी येतात. एकाला तीन-तीन दिवस शौचाला होतच नाही. दुसऱ्याला रोज होतं, पण खडा पडतो आणि कुंथावं लागतं. तिसरा सकाळपासून चार वेळा जाऊन आलेला असतो, तरी राहिल्यासारखं वाटतं. चौथ्याचं शौचाचं काहीच बिघडलेलं नसतं, त्याचं पोट जेवण झालं की डब्ब होतं. मागणी मात्र चौघांची एकाच चूर्णाची. ते चौघांना दिलं तर पहिल्याला बरं वाटेल, तिसऱ्याला त्रासच होईल, आणि चौघांपैकी कुणालाच कळणार नाही की दर महिन्याला हे परत का येतं.

म्हणून माझं सांगणं असं, की वरचेवर बिघडणाऱ्या पोटाला औषध शोधण्याआधी त्याचा क्रम शोधा. कशानंतर होतं, किती वेळानं होतं, कसलं होतं. हे एकदा हाती लागलं की पुष्कळ लोकांना औषधाची गरज उरत नाही, आणि उरलेल्यांना योग्य औषध लवकर मिळतं.

आधी हे बघा, मग बाकीचं

काही लक्षणं अशी आहेत की ती असतील तर घरी प्रयोग करत बसायचं नाही, सरळ डॉक्टरांना दाखवायचं. शौचातून रक्त जाणं हे पहिलं. आपल्याकडं रक्त दिसलं की "मूळव्याध असंल" म्हणून विषय मिटतो. लालभडक थेंब पडत असतील आणि आग होत असेल तर बहुतेक वेळा मूळव्याध किंवा गुदद्वाराला पडलेली चीर असतेही, पण ते तपासून ठरवायचं असतं, अंदाजानं नाही. आतड्याच्या कॅन्सरचं रक्तही लाल असू शकतं. डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच झालं तर जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायचं. मार्केट यार्डातले हमाल, रोज कसरत करणारे पैलवान, गुडघेदुखीची आजी, या सगळ्यांच्या खिशात वेदनाशामक गोळी असते आणि ती उपाशीपोटी घेतली जाते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होतं, तो काळेपणा घाबरण्यासारखा नाही. पण गोळ्या चालू नसताना काळं झालं, किंवा सोबत चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

वजन आपोआप उतरत असेल, हिमोग्लोबिन कमी आलं असेल, संध्याकाळी कसकस येत असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला पळावं लागत असेल, तर दाखवा. पोटाच्या उजव्या खालच्या भागात दुखतं, भूक मेली आहे, बारीक ताप आहे आणि वजन घटतंय, असं एकत्र असेल तर आपल्या देशात आतड्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. क्षय फक्त फुप्फुसाचाच होतो असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. शौच पांढुरकं, मातकट आणि लघवी गडद पिवळी हे पित्त अडल्याचं किंवा काविळीचं लक्षण. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, शौचही नाही आणि वाराही सरत नाही, असं असेल तर तासाभराचाही उशीर नको, ही आतडं अडल्याची खूण असू शकते. आणि वय पंचेचाळिशीच्या पुढं असून आयुष्यभराची सवय अचानक बदलली असेल, किंवा घरात आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर बाकी काही लक्षण नसलं तरी तपासून घ्या.

यातलं काही नसेल तर पुढं वाचा.

रोज सकाळी एकदा झालंच पाहिजे?

नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा मोठा पट्टा निरोगी माणसांत दिसतो. एखाद्याला लहानपणापासून एक दिवसाआड होत असेल, मऊ होत असेल, त्रास नसेल, तर त्याला बद्धकोष्ठता नाही. रोज झालंच पाहिजे या हट्टापायी लोक चूर्णाच्या नादाला लागतात. बघायचं असतं ते तुमच्या नेहमीच्या सवयीत झालेला बदल, आणि तो किती आठवडे टिकलाय ते.

किती वेळा होतं यापेक्षा कसं होतं हे जास्त सांगून जातं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांचा एक तक्ता १९९७ साली प्रसिद्ध झाला, तो आज जगभर वापरतात. त्यात शौचाचे सात प्रकार आहेत. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, २ म्हणजे खडे एकत्र चिकटलेला गाठाळ लांबट मळ, ३ वरून भेगा असलेला, ४ गुळगुळीत मऊ, ५ मऊ सुटे तुकडे, ६ फाटलेल्या कडांचा लगदा, आणि ७ नुसतं पाणी. ३ आणि ४ उत्तम. १ आणि २ म्हणजे मळ मोठ्या आतड्यात जास्त वेळ राहिला आणि त्यातलं पाणी शोषलं गेलं. ६ आणि ७ म्हणजे पाणी शोषायला वेळच मिळाला नाही. डॉक्टरांकडं गेल्यावर "जरा पातळ-पातळ होतंय" असं सांगण्यापेक्षा "गेले तीन आठवडे ६ नंबर, दिवसातून चारदा" असं सांगितलंत तर त्यांचं काम निम्मं होतं.

अजून एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथंच होतो. तोंडातून गेलेलं अन्न बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. मग तांबडा रस्सा ओरपला आणि अर्ध्या तासात पळावं लागलं, ते कसं? तो रस्सा बाहेर आलेला नसतो. जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो आणि तिथं आधीपासून असलेलं पुढं ढकललं जातं. ही शरीराची नैसर्गिक रचना आहे. सकाळी ती सगळ्यात जोरात असते, आणि तेलकट, भरपेट जेवणानं आणखी जोर धरते. म्हणून "आत्ता खाल्लं आणि आत्ता झालं" यावरून आत्ता खाल्लेल्या पदार्थाला दोष देणं बऱ्याचदा चुकतं. गुन्हेगार आदल्या दिवशीचा असू शकतो.

दोन आठवड्यांची वही

शाळेची जुनी वही घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये लिहा. काय खाल्लं-प्यालं आणि किती वाजता, शौच किती वाजता आणि कितव्या नंबरचं, दुखलं-फुगलं तर कधी, झोप, औषधं, आणि त्या दिवशी काही ताण होता का. बायकांनी पाळीची तारीखही लिहा, पाळीच्या आसपास पातळ होणं किंवा फुगणं पुष्कळजणींना असतं. या दोन आठवड्यांत मुद्दाम काही बदलू नका. पथ्य सुरू केलंत तर वहीत पथ्य दिसेल, त्रास दिसणार नाही.

उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या एका दादांची अशी वही मी पाहिली. त्यांची पक्की खात्री होती की सकाळची मिसळ बाधते. ते मिसळ सोडायचे, चार दिवस बरं वाटायचं, मग परत तेच. वहीतलं एक पान असं होतं:

"मंगळवार. सकाळी ६.३० चहा, शौच ४ नंबर. ९ ला मिसळ, तीन ब्रेड. दुपारी भाकरी, पिठलं, खर्डा. काही त्रास नाही. संध्याकाळी ७.३० गंगावेशीत दूध, मोठा ग्लास. ९ ला पोटात गुरगुर, गॅस. १०.१५ ला ६ नंबर. बुधवार. सकाळी ५.३० ला परत ६ नंबर, मुरडा. ९ ला मिसळ, लगेच जावं लागलं."

बुधवारची मिसळ बदनाम झाली, पण मंगळवारी तीच मिसळ गुण्यागोविंदानं पचली होती. पुढची पानं उलटली तर ज्या ज्या संध्याकाळी दूध, त्या त्या रात्री गुरगुर. आपल्या दूध कट्ट्यावरच्या धारोष्ण म्हशीच्या दुधाला नाव ठेवायला जीव होत नाही, लहानपणापासून तेच पिऊन आपण वाढलो. पण दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य बहुतेक भारतीयांत मोठेपणी कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो, आणि ती साखर पाणी ओढून घेते. अर्ध्या तासापासून काही तासांत पोट बोलायला लागतं. कपभर चहातलं दूध चालतं, मोठा ग्लास रिकाम्या पोटी चालत नाही, असं यात नेहमी होतं. दही आणि ताक बऱ्याचजणांना सोसतं, कारण विरजणातले जिवाणू त्या साखरेतला काही भाग आधीच वापरतात. पडताळा साधा आहे: बाकी सगळं तसंच ठेवून दोन आठवडे दूध बंद, मग एकदा ग्लासभर पिऊन बघायचं. गेलं आणि परत आलं, तर खात्री.

धारोष्ण दुधाबद्दल इथंच बोलून घेतो. न तापवलेल्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस आणि जुलाबाचे जंतू येऊ शकतात. गरोदर बायकांना, लहान मुलांना आणि डायबेटिसच्या पेशंटला ते देऊच नका. बाकीच्यांनीही उकळी आणून घेतलं तर काही बिघडत नाही.

मिसळीचा दोष असेल तर तो कशाचा?

काहींच्या वहीत मिसळच सापडते. पण मिसळ म्हणजे एक पदार्थ नव्हे. तिच्यात मटकी आहे, कांदा-लसूण मसाला आहे, तिखट आहे, कटावरचं तेल आहे, आणि आपल्याकडं सोबत गव्हाचा-मैद्याचा ब्रेड आहे. प्रत्येकाचं पोटाशी वेगळं नातं.

तिखटातला कॅप्सायसिन नावाचा घटक आतड्याच्या आतल्या आवरणातल्या वेदना जाणवणाऱ्या नसांना चेतवतो. त्याचा काही भाग न पचता खालपर्यंत पोहोचतो, म्हणून दुसऱ्या दिवशी आग होते. रोज तिखट खाणाऱ्याची त्याला सवय होते. तिखटानं आतड्याला कायमचा अपाय होतो असं नाही, मात्र आधीच नाजूक झालेल्या पोटाला ते जास्त लागतं. जळजळ आणि घाई हे तुमचं दुखणं असेल तर तिखटाकडं बघा.

गॅस आणि फुगणं हे दुखणं असेल तर तिखटाला सोडा आणि कांदा-लसणाकडं बघा. हे कोल्हापुरात कुणाला पटत नाही. कांदा, लसूण आणि गहू यांत एका जातीचे कर्बोदक असतात जे माणसाला पचतच नाहीत, कडधान्यांत दुसऱ्या जातीचे. ते मोठ्या आतड्यात आंबतात. सगळ्यांनाच थोडा गॅस होतो, पण संवेदनशील आतड्याच्या माणसाला तोच गॅस दुखतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं अशा आंबणाऱ्या पदार्थांचं पथ्य तयार केलं आहे. त्यात चार-सहा आठवडे हे पदार्थ काढायचे आणि मग एकेक करून परत आणायचे. परत आणणं हाच त्यातला महत्त्वाचा भाग. आयुष्यभर कांदा-लसूण, डाळी, गहू, फळं सगळं सोडून बसणं हे पथ्य नव्हे, त्यानं आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचीही उपासमार होते. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाच्या मदतीनं करा.

स्वयंपाकात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. लसणातला तो घटक तेलात विरघळत नाही, म्हणून तेलात ठेचलेला लसूण परतून, लसूण काढून टाकून त्या तेलाची फोडणी द्यायची. चव राहते. कडधान्यं रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड आणा आणि पूर्ण मऊ शिजवा. एक वेळ ब्रेड-चपातीऐवजी ज्वारीची भाकरी करून बघा.

रस्सा-मटणाच्या पंगतीनंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत किंवा खांद्याकडं जात असेल, तर तो गॅस समजू नका. पित्ताशयातले खडे असे दुखतात. सोनोग्राफी करा.

रोजच्या गोळ्या तपासा

आमच्या काउंटरवरून दिसणारी ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. पोट बिघडायला लागलं त्या सुमारास कुठलं औषध सुरू झालं, हे आठवा. डायबेटिसच्या मेटफॉर्मिननं सुरुवातीला पातळ होतं. ते जेवणासोबत घेतलं, किंवा डॉक्टरांनी हळू सुटणारी गोळी दिली, तर बरंच कमी होतं. मनानं बंद करू नका. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी घट्ट होतं, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी होतं, कोडीनच्या खोकल्याच्या औषधानं हमखास होतं. अॅसिडिटीच्या पातळ औषधात मॅग्नेशियम असेल तर पातळ, अॅल्युमिनियम असेल तर घट्ट. अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये किंवा नंतर काही आठवड्यांत जोराचे जुलाब, ताप, रक्त असं झालं तर ते साधे जुलाब नव्हेत, दाखवा. शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगगममधल्या काही गोडव्यांनीही पोट सुटतं.

मिश्रीचं इथंच लिहितो. "मिश्री लावल्याबिगर हुईत न्हाई" असं सांगणाऱ्या मावशा खोटं बोलत नसतात. तंबाखूतलं निकोटिन आतड्याला हलवतं. म्हणून मिश्री सोडली की काही आठवडे घट्ट होतं आणि बिचाऱ्या परत लावायला लागतात. तोंडाच्या कॅन्सरचा धोका पत्करून शौच करून घ्यायची गरज नाही. सोडतानाच इसबगोल आणि कोमट पाणी सुरू करा, ते दिवस निघून जातात.

चूर्णाचा फेरा

नेहमीच्या शौचात मोठ्या आतड्याचा शेवटचा भागच रिकामा होतो. सोनामुखीच्या किंवा एरंडेलाच्या जोरदार रेचानं त्याहून बराच जास्त भाग रिकामा होतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर पडायला काही नसतंच, आतडं परत भरायला दोन-तीन दिवस जातात. माणसाला वाटतं परत तुंबलं. तो परत चमचाभर घेतो. असे वर्षानुवर्षं रोज रात्री घेणारे लोक आहेत आणि त्यातल्या कित्येकांना मुळात बद्धकोष्ठता होती की नाही कोण जाणे. सोनामुखी विष नाही, कधीमधी घ्यायला हरकत नाही. रोजची झाली की मुरडा, पातळ शौच, शरीरातलं पोटॅशियम कमी होणं हे मागं लागतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत.

यातून बाहेर पडायचं तर चूर्ण एकदम तोडू नका. डॉक्टरांना विचारून पाणी धरून ठेवणारं सौम्य औषध, म्हणजे लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉल, त्याच्या जागी आणा आणि चूर्ण कमी करत जा. सोबत इसबगोल. सुरुवात एका चमच्यानं, मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर अजून एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच घट्ट होऊन बसतं. पहिले काही दिवस गॅस वाढेल, आठवड्यानं मात्रा वाढवा. थायरॉइड, शुगर वगैरेच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतडं अडल्याची शंका असलेल्यांनी घेऊ नये. इसबगोल पाणी धरतं म्हणून घट्टालाही चालतं आणि पातळालाही, हे बऱ्याचजणांना नवीन वाटतं.

जेवणात दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा (फायबर) जायला हवा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, म्हणजे भाकरी, एक पेरू, मेथी-शेपूची भाजी, मूठभर कडधान्य एवढ्यात काम भागतं. वाढवायचं ते हळूहळू.

आणि वेळ द्या. सकाळी चहा-नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत आतडं स्वतःहून इशारा देतं. तो चुकवून पोरांचे डबे, पाणी भरणं, बस गाठणं केलं की इशारा विरतो, आणि रोज विरला की नंतर येतच नाही. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले की गुदद्वाराजवळचा वळणाचा स्नायू सैल होतो. उकिडवं बसण्यात हेच होतं. मोबाईल बाहेर ठेवा, दहा मिनिटांत झालं नाही तर उठा.

बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायकांचं मला मनापासून वाईट वाटतं. जवळ नीट संडास नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, आलेली भावना दाबून धरायची. वर्षानुवर्षं हे केल्यावर खडा, चीर, मूळव्याध हे होणारच. या बायकांना "पाणी जास्त प्या" एवढंच सांगून भागत नाही. घरातल्या लोकांनी सकाळी त्यांना अर्धा तास मोकळा द्यायला हवा, घरची कामं त्या वेळेपुरती वाटून घ्यायला हवीत.

कधी मळ मऊ असूनही बाहेर येत नाही, तास-तास कुंथावं लागतं, बोटानं काढावं लागतं. हे लाजेखातर कुणी सांगत नाही. बाळंतपणानंतर काहीजणींना हे होतं. इथं आतडं मंद नसतं, शौचाच्या वेळी सैल व्हायचे स्नायू उलट आवळतात. यावर चूर्ण वाढवून उपयोग नाही, त्या स्नायूंना परत शिकवणारे व्यायाम असतात आणि त्यांचा चांगला फायदा होतो. सांगा डॉक्टरांना, त्यांनी हे ऐकलेलं असतं.

अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना थोडं-थोडं पातळ गळत असेल तर जुलाबाची गोळी देऊ नका. आत बऱ्याचदा मळाचा घट्ट गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपत असतं. बंद करणारी गोळी दिली की गोळा आणखी घट्ट होतो. आधी डॉक्टरांकडून बोटानं तपासून घ्या.

एकदा जुलाब झाले आणि तेव्हापासून...

पावसाळ्यानंतर हे वाक्य खूप ऐकू येतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या कित्येक घरांत पाण्याचा प्रश्न झाला होता. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली ती दूषित पाण्यातूनच. पाणी गढूळ वाटलं, जलवाहिनी फुटल्याचं कळलं, की उकळून प्या.

जुलाब सुरू असताना ओआरएस हेच पहिलं औषध. एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी ग्लासात टाकून देऊ नका, मिठाचं प्रमाण बिघडतं. लहान मुलाला सोबत डॉक्टरांच्या सल्ल्यानं १४ दिवस झिंक. ताप किंवा रक्त असताना लोपरामाइडसारखी जुलाब बंद करणारी गोळी घेऊ नये.

जंतू गेले तरी साधारण दहातल्या एकाला पोट पूर्वीसारखं होत नाही. महिनोन्महिने मुरडा, घाई, फुगणं चालू राहतं. लोक याला "जुनी आव" म्हणतात आणि मेट्रोनिडॅझोल या आवेच्या गोळीचा कोर्स परत परत घेतात. एकदा शौचाची तपासणी करून अमिबा, जिआर्डिया, जंत यांचा निकाल लावा. तिथं काही नसेल तर ती गोळी परत मागू नका. तोंड कडू होण्यापलीकडं हाती काही लागत नाही.

हा त्रास म्हणजे संवेदनशील आतडं, डॉक्टर याला आयबीएस म्हणतात. पोटदुखी आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने, आणि ती शौचाशी किंवा शौचाच्या बदलाशी जोडलेली, अशी त्याची ठरलेली व्याख्या आहे. आतड्याला जखम नसते, पण आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद जास्त तिखट झालेला असतो. परीक्षेच्या सकाळी, कर्जाच्या हप्त्याच्या दिवशी वाढतं ते याचमुळं. "सगळं मनाचं आहे" असं घरच्यांनी म्हणू नये. दुखतं ते खरंच दुखतं. झोप सुधारणं, रोज रंकाळा तलावावर एक फेरी, वेळेवर जेवण आणि डॉक्टरांनी दिलेली आतड्याची ओढ कमी करणारी औषधं यांनी बहुतेकांना आराम पडतो.

दवाखान्यात जाताना

खासगीत दाखवा नाहीतर सीपीआर या सरकारी दवाखान्यात, जाताना वही न्या आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. चूर्ण, काढा, जिमची पावडरसुद्धा. डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर आणि शौचाची तपासणी सांगतील, गरज वाटली तर गव्हामुळं आतड्याला इजा होणाऱ्या सिलिअॅक आजाराची रक्ततपासणी. ती करायची असेल तर आधी गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आतडं नॉर्मल असं धरून चालू नका, आतड्याच्या आतली बाजू सोनोग्राफीत नीट दिसत नाही. धोक्याची लक्षणं असतील आणि डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नका. आदल्या दिवशी पोट रिकामं करायचं औषध प्यावं लागतं, तोच काय तो त्रासाचा भाग. तपासणीच्या वेळी बऱ्याचदा झोपेचं इंजेक्शन देतात, म्हणून घरचं कुणीतरी सोबत घेऊन जा आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका.